दोघंही थॅलेसेमिया मायनर निघालात? काउन्सेलिंगला कधी आणि कसं जायचं ते सांगते

थॅलेसेमिया हा रक्ताचा अनुवंशिक आजार. मायनर म्हणजे फक्त वाहक, पण दोघंही मायनर असाल तर मुलाला मेजर, म्हणजे सारखं रक्त चढवावं लागणारा खरा आजार होऊ शकतो. बाकी काही वाचलं नाही तरी एवढं वाचा, काउन्सेलिंगला दिवस जायच्या आधी जा. आम्ही उलटं केलं म्हणून सांगतेय. पहिल्या वेळी आठव्या आठवड्यात सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी) झाली, हिमोग्लोबिन ९.६, एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) ६४, आणि ज्यांच्याकडे नाव घातलं होतं त्यांनी 'अशक्तपणा आहे' म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. महिनाभर मी त्या इमानेइतबारे खाल्ल्या, बीट खाल्लं, खजूर खाल्ले, सासूबाईंनी अळिवाचे लाडू करून पाठवले, हिमोग्लोबिन काही जागचं हललं नाही. बाराव्या आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी तोच जुना कागद बघितला आणि म्हणाल्या, अगं तुझे आरबीसी, म्हणजे लाल पेशी, ५.६ आहेत, नुसतं लोह कमी असतं तर एवढ्या पेशी असत्या का? एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी रक्ततपासणी) केली, त्यातला एचबी ए-टू हा प्रकार ५.३ टक्के, म्हणजे वाढलेला. मग धावतपळत नवऱ्याची, ५.१. दोघंही मायनर. तोवर तेरावा आठवडा संपत आलेला.

तर पहिली पायरी घरबसल्या होते. जुनी कुठलीही सीबीसी काढा, ऑफिसच्या हेल्थ चेकअपची असेल, डेंग्यूच्या वेळची असेल. एमसीव्ही ८० च्या खाली किंवा एमसीएच (एका लाल पेशीतलं हिमोग्लोबिन) २७ च्या खाली आहे का बघा. असेल तर एमसीव्हीला आरबीसीच्या आकड्याने भागा, उत्तर १३ च्या आत आलं तर मायनरचा संशय जास्त, वर गेलं तर लोहाची कमतरता असायची शक्यता जास्त. माझं ११.४ आलं असतं, शाळेतला भागाकार, कुणी केला नाही. अर्थात हा फक्त अंदाज आहे, पक्कं एचपीएलसीनेच होतं. त्यात ए-टू साधारण ३.५ च्या वर असेल तर मायनर. मध्येच कुठेतरी ३.३, ३.६ असं लटकलेलं आलं तर 'नॉर्मलच आहे हो' म्हणून सोडून देऊ नका, लोह खूप कमी असलं की ए-टू थोडं खाली दिसू शकतं, अशा वेळी फेरिटिन (शरीरात लोहाचा साठा किती ते दाखवणारी तपासणी) करून घ्या आणि जोडीदार मायनर असेल तर सरळ डीएनए टेस्टला जा. आणि गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर ते आधी सांगा, दुसऱ्याचं रक्त अंगात असताना एचपीएलसीचा भरवसा नाही.

'आमच्यात असलं काही नसतं' हे वाक्य मी सासरी-माहेरी दोन्हीकडे ऐकलं. लोकांच्या डोक्यात थॅलेसेमिया म्हणजे सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली यांच्यातला आजार. त्यांच्यात प्रमाण जास्त आहे हे खरं, पण भारतात एकूणच शंभरात तीन-चार जण मायनर असतात, आणि दर वर्षी अंदाजे १० ते १२ हजार मेजर मुलं जन्माला येतात, ती काय सगळी उल्हासनगरात येतात का? आम्ही दोघं साधे नाशिककडचे मराठी, नात्यातलं लग्न नाही, पत्रिका जुळवून केलेलं.

पत्रिकेवरून आठवलं. आपल्याकडे 'एकनाड आहे, रक्तगट एकच आहे, मुलांना त्रास होईल' म्हणून स्थळं मोडतात. रक्तगट एकच असण्याचा आणि या आजारांचा काडीचा संबंध नाही. बाई निगेटिव्ह आणि नवरा पॉझिटिव्ह असेल तर डॉक्टर अँटी-डीचं इंजेक्शन देतात, तो विषय वेगळा. तुमचा दोघांचा ओ पॉझिटिव्ह असू द्या की, काही बिघडत नाही, पण दोघांचं ए-टू वाढलेलं असेल तर ते नाडीत दिसणार नाही.

विदर्भातले, नंदुरबार-धुळ्याकडचे, गडचिरोलीचे, किंवा ठाणे-पालघर-रायगडच्या आदिवासी पाड्यांवरचे कुणी वाचत असाल तर तुमच्यासाठी सिकलसेल (लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणारा अनुवंशिक आजार) जास्त महत्त्वाचा. हिशोब तोच, दोघंही एएस म्हणजे वाहक असाल तर एसएस म्हणजे आजार असलेलं मूल होऊ शकतं. १ जुलै २०२३ ला केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालंय, त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या लोकांची मोफत तपासणी होते आणि कार्ड मिळतं, ते कार्ड जपून ठेवा. फक्त एक गोम आहे. गावात आधी जी सोल्युबिलिटी टेस्ट होते ती फक्त सिकल पकडते, थॅलेसेमिया मायनर पकडत नाही. आणि एक जण सिकलवाहक, दुसरा थॅलेसेमिया मायनर अशी जोडी असेल तरी मुलाला सिकल-थॅलेसेमिया होऊ शकतो, तो चांगलाच त्रासदायक. म्हणजे नवऱ्याचं कार्ड 'एएस' आणि बायकोची सोल्युबिलिटी निगेटिव्ह, एवढ्यावर 'सुटलो' म्हणायचं नाही, तिची एचपीएलसी करायचीच.

आता जाताना काय न्यायचं. दोघांचे मूळ एचपीएलसी रिपोर्ट (फोटोचे फोटो नकोत, त्यातला ग्राफ दिसत नाही), सीबीसी, फेरिटिन, आधीच्या बाळंतपणाचे नाहीतर गर्भपाताचे कागद, घरात कुणी आजारी मूल असेल तर त्याचे सगळे रिपोर्ट. आणि घराण्याची माहिती. ही सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे लहानपणी गेलेल्या मुलांबद्दल कुणी बोलत नाही. काउन्सेलर तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढतात, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर तो भरून टाकायचा, नात्यातलं लग्न असेल तर मध्ये दोन रेघा. नवऱ्याच्या आत्याचा एक मुलगा दीड वर्षाचा होऊन गेला होता, घरात सगळे 'कावीळ झाली' म्हणायचे. मी आत्यांना फोन करून हळूच विचारलं तेव्हा म्हणाल्या, पांढराफटक पडायचा गं, दोनदा रक्त चढवलं होतं, पोट पुढे आलेलं. आता काही सिद्ध करता येत नाही पण काउन्सेलर मॅडमनी तो चौकोन अर्धा भरला आणि बाजूला प्रश्नचिन्ह टाकलं. म्हणून जायच्या आठवडाभर आधी म्हाताऱ्या माणसांना फोन करा, 'आजार' शब्द वापरू नका, 'कुणी लहानपणी गेलं होतं का, कुणाला सारखं रक्त लागायचं का, कुणाचा मुलगा चालता चालता बसला का' असं विचारा, मग आठवतं.

मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न असेल तर ते लपवू नका. तिथे कुणी तोंड वाकडं करत नाही, निदान करू नये. सख्ख्या मामे-आते भावंडांची एक अष्टमांश जनुकं सारखी असतात, त्यामुळे एकच लपलेला बिघाड दोघांकडे असायची शक्यता वाढते. कुठल्याही जोडप्याला जन्मजात दोष असलेलं मूल व्हायची शक्यता शंभरात दोन-तीन असते, अशा लग्नात ती साधारण दुप्पट धरतात. म्हणजे बहुतेकांची मुलं ठणठणीतच होतात, पण घरात आधी काही झालेलं असेल तर गणित बदलतं.

गणित म्हणजे काय ते सांगते, कारण इथेच सगळे घोळ घालतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीची जनुकं आपल्याकडे दोन, एक आईकडून एक वडिलांकडून, अकराव्या गुणसूत्रावर. मायनर म्हणजे एक चांगलं, एक बिघडलेलं, माणूस धडधाकट. दोघं मायनर असाल तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के मेजर, ५० टक्के मायनर, २५ टक्के पूर्ण नॉर्मल. हे 'प्रत्येक' फार महत्त्वाचं आहे. आमच्या एका नातेवाइकांनी मला समजावलं की एक तसं झालं ना, आता पुढचे तीन नीट होणार, चारात एक म्हणजे झालंच की. अहो लुडोत आत्ता सहा पडला म्हणून पुढच्या वेळी पडणार नाही असं असतं का, फासा दर वेळी नव्याने पडतो.

प्रत्यक्ष काउन्सेलिंगमध्ये तास-सव्वा तास जातो, घाईच्या ओपीडीत उभ्या उभ्या सांगितलं ते काउन्सेलिंग नाही. मुंबईत परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची) एनआयआयएच ही संस्था आहे, रक्ताच्या अनुवंशिक आजारांचं कित्येक वर्षांचं काम आहे त्यांचं, बाहेर लखनौचं एसजीपीजीआय, वेल्लोरचं सीएमसी इथे मेडिकल जेनेटिक्सचे स्वतंत्र विभाग आहेत. इंग्लंडात असाल तर तिथली सरकारी आरोग्यसेवा एनएचएस ही तपासणी गरोदरपणाच्या १० आठवड्यांच्या आत करायला बघते, तेव्हा दिवस गेल्याचं कळलं की लगेच नाव नोंदवा, 'तीन महिने कुणाला सांगायचं नाही' हे डॉक्टरला लागू नाही.

दोघं एकत्र जा, पण पाच-दहा मिनिटं एकेकट्यानेही मागून घ्या. नवऱ्यासमोर, आणि सासूबाई सोबत आल्या असतील तर विचारूच नका, बाई बोलत नाही. सासूबाईंना बाहेर चहाला बसवा, वाईट वाटलं तर वाटलं. मी विचारलेला पहिला प्रश्न हाच होता की माझ्यामुळे झालं का. मॅडमनी कागदावर दोन बाण काढले, एक त्याच्याकडून एक माझ्याकडून, म्हणाल्या दोन्ही आल्याशिवाय मेजर होतच नाही. तो कागद मी घरी आणून फ्रिजवर लावला होता, मुद्दाम.

मग मी विचारलं, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? त्यांनी उत्तर दिलं नाही. तेव्हा राग आला, एवढी फी घेऊन सांगत का नाहीत, पण त्यांचं कामच ते आहे, माहिती पूर्ण द्यायची आणि निर्णय तुमचा राहू द्यायचा. जे काउन्सेलर 'काढूनच टाका' किंवा 'देवावर सोडा' असं पहिल्या पाच मिनिटांत म्हणतात त्यांच्याकडून उठा. आमच्या मॅडमनी सांगितलं, ठरवण्याआधी एकदा रक्त चढवायच्या डे केअर वॉर्डात जाऊन बसा. आम्ही बसलो. दर दोन ते चार आठवड्यांनी येणारी मुलं, शरीरात साठणारं लोह काढायच्या गोळ्या रोज, आईबाप रजा टाकून आलेले. आणि तिथेच एक सव्वीस वर्षांची मुलगी, लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत, हाताला पिशवी लागलेली, ती म्हणाली मला बघून रडू नका, मला डेडलाइन आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही बघून या.

आता रस्ते कुठले. मूल नको, दत्तक घ्यायचं (त्याला सरकारच्या 'कारा'कडे नोंदणी करावी लागते, ओळखीतून परस्पर घ्यायच्या भानगडीत पडू नका), दात्याचं बीज घ्यायचं पण दात्याचीही एचपीएलसी झालीय का ते विचारून, किंवा काहीच तपासणी न करता जे होईल ते स्वीकारायचं, हेही लोक करतात आणि तो त्यांचा हक्क आहे. बहुतेक जोडपी मात्र दोनपैकी एका वाटेने जातात, नैसर्गिक दिवस राहू देऊन गर्भाची तपासणी, नाहीतर आयव्हीएफ करून गर्भ आधी तपासणं.

गर्भाची तपासणी म्हणजे सीव्हीएस किंवा अम्निओ. सीव्हीएस साधारण ११ ते १३ आठवड्यांत, सोनोग्राफीत बघत बघत पोटातून सुई घालून वारेचा बारीक तुकडा घेतात. अम्निओ १६ आठवड्यांच्या आसपास, गर्भजल काढतात. दुखतं का, तर मला अम्निओत इंजेक्शनपेक्षा थोडं जास्त आणि सीव्हीएसमध्ये पाळीच्या कळा आल्यासारखं, त्या दिवशी घरी पडून राहिले. यामुळे गर्भपात व्हायचा धोका असतो, अनुभवी हातात शंभरात एकाहूनही कमी, तो आकडा तुमच्या डॉक्टरांना त्यांचा स्वतःचा विचारा, चिडले तर चिडू दे.

पण खरी ग्यानबाची मेख पुढे आहे. लॅबला गर्भात काय शोधायचं ते माहीत हवं, म्हणजे तुमच्या दोघांच्या जनुकात नेमका कुठला बिघाड आहे हे आधी कळलेलं हवं. नुसतं 'मायनर आहे' एवढ्याने भागत नाही. भारतात सगळ्यात जास्त सापडतो तो आयव्हीएस वन-फाइव्ह नावाचा बिघाड, सिंधी लोकांत ६१९ अक्षरांचा तुकडाच गायब असतो, अजून तीन-चार नेहमीचे आहेत, पण तुमचा त्यात बसला नाही तर अख्खं जनुक वाचावं लागतं, त्याला वेळ जातो. पहिल्या वेळी आमचं इथेच अडलं. तेराव्या आठवड्यात दोघांचं रक्त डीएनएला गेलं, माझा बिघाड लगेच सापडला, नवऱ्याचा सापडेना, सीव्हीएसची वेळ गेली, सोळाव्या आठवड्यात अम्निओ, रिपोर्ट येईपर्यंत अठरावा उजाडला, पोट दिसायला लागलेलं, शेजारच्या काकू डोहाळजेवणाची तारीख विचारायला लागलेल्या. रिपोर्ट मेजर आला. आम्ही गर्भपात करायचं ठरवलं. त्याच आठवड्यात वेटिंगमध्ये भेटलेल्या एका जोडप्याने ठेवायचं ठरवलं, त्यांचा मुलगा आता शाळेत जातो, आम्ही अजून बोलतो.

दुसऱ्या वेळी दोघांचे डीएनए रिपोर्ट वर्षभर आधीच फाइलला होते. पाळी चुकली, सहाव्या आठवड्यात सेंटरला फोन, साडेअकराव्या आठवड्यात सीव्हीएस, दहा दिवसांत उत्तर. माणसं तीच, आजार तोच, फरक फक्त कॅलेंडरचा.

कायद्याचंही माहीत असू द्या, लोक उगाच घाबरतात. रक्ताच्या अशा आजारांसाठी गर्भतपासणीला पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याने परवानगी आहे, बाईची लेखी संमती लागते, फॉर्म जी, तो तिला समजणाऱ्या भाषेत हवा आणि त्याची प्रत तिला मिळते, इंग्रजीत पुढे सरकवला तर मराठी मागा. मुलगा की मुलगी हे कुणी सांगणार नाही, गमतीतही विचारू नका. गर्भपाताचा कायदा २०२१ ला बदलला, २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, गर्भात गंभीर दोष असेल तर २४ पर्यंत दोन डॉक्टरांचं, त्यापुढे मेडिकल बोर्ड. आणि बाई सज्ञान असेल तर फक्त तिचीच संमती लागते, 'मिस्टरांची सही आणा' ही हॉस्पिटलची सवय आहे, कायदा नाही.

आयव्हीएफवाली वाट, तिला पीजीटी-एम म्हणतात. गर्भ पाचेक दिवसांचा झाला की त्यातल्या मोजक्या पेशी काढून तपासतात आणि मेजर नसलेला आत सोडतात. ऐकायला छान, गर्भपाताचा प्रश्न बऱ्यापैकी टळतो. पण तुम्हाला दिवस आपोआप राहत असले तरी सगळी इंजेक्शनं घ्यायची, लाखांत खर्च, आणि एवढं करून राहीलच असं नाही. राहिलं तरी डॉक्टर पुढे सीव्हीएस किंवा अम्निओ करून खात्री करायला सांगतात, हे पॅकेज विकताना कधीकधी बोलत नाहीत. मोठं मूल मेजर असेल तर त्याला बोन मॅरो जुळेल असा गर्भ निवडता येतो का, असं विचारणारे आईबाप मला भेटलेत. निरोगी पण हवा आणि जुळणारा पण हवा तर सोळात तीन अशी शक्यता पडते, म्हणजे बरेच गर्भ लागतात. मला स्वतःला दोनदा गर्भपाताच्या टेबलावर जायची हिंमत नसती तर मी हीच वाट धरली असती, पण एवढं कर्ज काढायची ताकद आमची नव्हती, हे पण खरं.

थॅलेसेमिया सोडून दुसरा आजार असेल, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा हिमोफिलिया किंवा ड्युशेनसारखा स्नायूंचा, तर हिशोब वेगळा. त्यात आई वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला निम्मी शक्यता आजाराची, प्रत्येक मुलीला निम्मी वाहक असण्याची. इथे एकच कळकळीचं सांगणं, आजारी मूल आहे तोवर त्याचा डीएनए तपासून घ्या, निदान रक्त देऊन साठवून तरी ठेवा. मूल गेल्यावर लोक येतात आणि मग नेमका बिघाड शोधणं फार अवघड होऊन बसतं. ड्युशेनमध्ये साधारण तिसरा हिस्सा मुलांत बिघाड नव्यानेच झालेला असतो, आई वाहक नसते. पण आईचा रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून शक्यता अगदी शून्य होत नाही, तिच्या काही बीजांडांत तो असू शकतो, तेव्हा पुढच्या वेळी तपासणी करायचीच.

आणि मायनर बायकांनो, फेरिटिन न बघता लोहाच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाऊ नका. फेरिटिन कमी असेल तर जरूर घ्या, फॉलिक ॲसिड घ्या, पण मायनरचं हिमोग्लोबिन बारा करायच्या नादाला लागू नका.

राहिले बाकीचे नातेवाईक. तुम्ही मायनर म्हणजे तुमच्या सख्ख्या भावंडांपैकी प्रत्येकाला मायनर असायची निदान निम्मी शक्यता. आम्ही फॅमिली ग्रुपवर सरळ टाकलं, 'आम्ही दोघं मायनर आहोत, आजार नाही, पण सगळ्यांनी एकदा एचपीएलसी करा.' अठ्ठावीस जणांनी बघितलं, दोघांनी हात जोडल्याची खूण टाकली, केली फक्त माझ्या दिराने. तोही मायनर निघाला. सासूबाई म्हणाल्या हे बायोडाटात नको हं लिहायला, तो म्हणाला लिहायचं नाही पण मुलगी बघायला गेलो की पहिल्या चहाला सांगणार. सांगितलं. तिसऱ्या स्थळाची मुलगी फार्मसी झालेली, तिने दुसऱ्या दिवशी स्वतःची एचपीएलसी करून रिपोर्ट पाठवला, २.६, आणि खाली लिहिलं, 'माझ्याकडून हरकत नाही, तुमची पत्रिका पाठवा, आईला बघायचीय.'